अद्भुतकथांचे घराणे



आपल्या मंडळातल्या बहुतेक घरांत एक तरी मूल असे आहे, की जे जेवताना ताटाशेजारी पुस्तक उघडे ठेवून बसते. त्या पुस्तकात बहुधा चेटकिणी, बोलणारे प्राणी, बुटके, ड्रॅगन आणि एखादे जादूचे कपाट असते. आईवडिलांनी ती पुस्तके चाळली की दोन तक्रारी हमखास ऐकू येतात. पहिली, "हे सगळे एकमेकांचे उचललेले दिसते. एकाने कपाट लिहिले की दुसऱ्याच्याही गोष्टीत कपाट!" आणि दुसरी, "यात आपले असे काय आहे?" पहिल्या तक्रारीचा या लेखात जरा सविस्तर समाचार घ्यायचा आहे. दुसरीचे उत्तर त्यातूनच निघेल अशी आशा आहे.

माझा पेशा रसायनशास्त्राचा. आमच्याकडे शोधनिबंध लिहिला की शेवटी संदर्भांची यादी द्यावीच लागते. कोणाची पद्धत वापरली, कोणाच्या आकडेवारीवर आपला इमला उभा आहे, सारे क्रमांक घालून लिहायचे. ज्याचे देणे आहे त्याचे नाव गाळले तर तो गुन्हाच समजला जातो. गोष्ट लिहिणाऱ्याला अशी सोय नसते. परीकथेच्या तळाशी तळटीप घातली तर परी उडून जायची! मग तो आपले देणे कुठे नोंदवतो? या प्रश्नाशी मला आपले गवई आठवतात. गुरूचे नाव घेताना त्यांचा हात आपोआप कानाच्या पाळीकडे जातो, आणि नंतरच्या तासाभराच्या गाण्यात ते नाव पुन्हा न घेताही ऐकू येत राहते. इंग्रजी अद्भुतकथांचेही असेच एक घराणे आहे. त्याचा इतिहास गेल्या दीडशे-पावणेदोनशे वर्षांचा आहे आणि मोठा मनोरंजक आहे.

मूळपुरुष

घराण्याचा मूळपुरुष एकच धरायचा तर जॉर्ज मॅकडोनल्ड (१८२४–१९०५) याला धरावे लागेल. स्कॉटलंडमधल्या हंटली गावचा हा माणूस. अ‍ॅबर्डीनच्या किंग्ज कॉलेजात त्याने रसायन आणि भौतिकशास्त्राचा अभ्यास केला होता, हे सांगताना मला साहजिकच थोडा अभिमान वाटतो. पुढे तो धर्मोपदेशक झाला. अरुंडेल गावच्या चर्चमधल्या कारभारी मंडळींना त्याची मते पटेनात. त्यांनी पगार कमी केला, आणि १८५३ साली त्याने राजीनामा दिला. पदरी मोठे कुटुंब होते. लेखन आणि व्याख्याने यांवर त्याने ते पोसले. १८५८ साली त्याची 'फँटॅस्टीज' ही मोठ्यांसाठी लिहिलेली अद्भुतकादंबरी आली, आणि १८७२ साली 'द प्रिन्सेस अँड द गॉब्लिन' हे मुलांचे पुस्तक.

पण मूळपुरुषालाही बाप असतोच. मॅकडोनल्डचा गुरू नोव्हालिस हा जर्मन कवी. तो १८०१ साली, वयाची तिशीही न गाठता वारला. मॅकडोनल्डने १८५१ साली त्याच्या बारा गीतांचे इंग्रजी भाषांतर स्वतःच्या खर्चाने छापून मित्रांना वाटले. 'फँटॅस्टीज'च्या प्रकरणांच्या माथ्यावरही नोव्हालिसची वचने घातली. कानाच्या पाळीला हात लावण्याची या घराण्यातली रीत अशी पहिल्यापासूनची आहे.

दुसरी एक गोष्ट मॅकडोनल्डने केली, आणि ती लेखनाइतकीच महत्त्वाची होती. लुईस कॅरल हा त्याचा मित्र. त्याने 'अ‍ॅलिस'ची गोष्ट लिहिली होती, पण ती छापावी की नाही याबद्दल त्याचे मन साशंक होते. हस्तलिखित मॅकडोनल्डच्या घरी आले. मिसेस मॅकडोनल्डनी ते मुलांना वाचून दाखवले. सहा वर्षांचा ग्रेव्हिल म्हणाला की या पुस्तकाच्या साठ हजार प्रती असायला हव्यात! ही आठवण त्यानेच मोठेपणी लिहून ठेवली आहे. 'अ‍ॅलिस' १८६५ साली प्रसिद्ध झाले, आणि साठ हजारांचा आकडा केव्हाच मागे पडला. एका लेखकाने दुसऱ्यावर टाकलेला प्रभाव म्हणजे नेहमी उसनी घेतलेली कल्पनाच असते असे नाही. घरी बोलावून, ऐकून घेऊन, "छाप" असे सांगणे हाही प्रभावच आहे.

लेदरहेड स्टेशनवरचा शिष्य

आता पुढची पिढी. (पहिले नाव लुईस असलेले कॅरल वेगळे आणि आडनाव लुईस असलेले हे वेगळे. गल्लत नको.) सी. एस. लुईस १९१६ साली सरे परगण्यात एका शिक्षकाकडे राहून अभ्यास करत होता. वय सतरा. आठवड्यातून एकदा तो पायी लेदरहेडला जाई. तिथल्या स्टेशनवरच्या पुस्तकांच्या स्टॉलवरून त्याने मळक्या वेष्टनातली 'फँटॅस्टीज'ची स्वस्त प्रत उचलली आणि त्याच संध्याकाळी वाचायला घेतली. मॅकडोनल्ड वारून तेव्हा अकरा वर्षे झाली होती आणि त्याची बरीचशी पुस्तके लोक विसरत चालले होते. पुढे १९५५ साली आत्मचरित्रात लुईसने लिहिले की त्या वाचनाने त्याच्या कल्पनाशक्तीला जणू दीक्षा मिळाली.

ते ऋण त्याने कसे फेडले ते पाहण्यासारखे आहे. १९४५ साली त्याचे 'द ग्रेट डिव्होर्स' हे छोटे पुस्तक आले. त्यात निवेदक मरणोत्तर लोकाच्या सीमेवर पोहोचतो आणि तिथे त्याला वाट दाखवायला भेटतो तो स्वतः जॉर्ज मॅकडोनल्ड. निवेदक थरथरत त्याला लेदरहेड स्टेशनची हकिगत सांगतो. ही युक्तीसुद्धा लुईसची स्वतःची नव्हे. सहाशे वर्षांपूर्वी इटालियन महाकवी दान्तेने नरकाची सफर करताना व्हर्जिल या जुन्या रोमन कवीला वाटाड्या केले होते. म्हणजे गुरूला वंदन करण्याची तऱ्हाही लुईसने एका गुरूकडूनच घेतली.

पुढच्याच वर्षी, १९४६ साली, लुईसने मॅकडोनल्डच्या लेखनातले ३६५ उतारे निवडून एक संग्रह काढला. वर्षाच्या प्रत्येक दिवसाला एक. प्रस्तावनेत त्याने साफ सांगितले की आपण याला गुरू मानतो आणि ते कधी लपवलेले नाही. पण त्याच प्रस्तावनेत त्याने असेही लिहिले की भाषाप्रभू म्हणून मॅकडोनल्ड पहिल्या रांगेत बसत नाही, त्याचे गद्य पुष्कळदा पाल्हाळिक आणि उपदेशाने जड होते. त्याचे मोठेपण आहे ते मिथक घडवण्यात, आणि तिथे त्याच्या तोडीचा कोणी नाही. ही प्रस्तावना मला फार आवडते. आपल्याकडे गुरूचे गुणगान करायचे म्हणजे त्याचे दोष झाकायचेच असा रिवाज पडला आहे. लुईसला तशी गरज वाटली नाही.

गॉब्लिनांचे पाय

जे. आर. आर. टोल्किन (१८९२–१९७३) हा लुईसचा ऑक्सफर्डमधला मित्र. 'द हॉबिट' (१९३७) आणि 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' (१९५४–५५) त्याचे. त्याने लहानपणी मॅकडोनल्डची गॉब्लिनांची पुस्तके वाचली होती. मॅकडोनल्डच्या गॉब्लिनांचे पाय मऊ असतात, म्हणून कर्डी नावाचा खाणकामगार मुलगा त्यांच्या पायांवर धाडधाड पाय आपटून त्यांना पळवून लावतो. १९५४ साली एका पत्रात टोल्किनने कबूल केले की आपले गॉब्लिन बरेचसे मॅकडोनल्डकडून आले आहेत, मात्र ते मऊ पाय वगळून, कारण त्या पायांवर आपला कधीच विश्वास बसला नाही! घ्यायचे ते घेतले, न पटलेले ठेवून दिले, आणि दोन्ही गोष्टी सांगून टाकल्या.

टोल्किनची इतर देणीही अशीच उघड आहेत. १९१४ साली कॉलेजात त्याला पाच पौंडांचे एक बक्षीस मिळाले. त्यातून त्याने विल्यम मॉरिसची पुस्तके घेतली. मॉरिस म्हणजे ते सुप्रसिद्ध वेलबुट्टीचे वॉलपेपर काढणारे गृहस्थ. त्यांनी आयुष्याच्या शेवटच्या काळात जुन्या वळणाच्या अद्भुतकादंबऱ्याही लिहिल्या होत्या. त्याच वर्षी टोल्किनने आपल्या वाग्दत्त वधूला पत्रातून कळवले की फिनलंडच्या 'कालेवाला' या महाकाव्यातली एक करुण कथा मी मॉरिसच्या धर्तीवर, मध्ये मध्ये पद्य घालून, लिहायला घेतली आहे. कथा अपुरी राहिली, पण तिच्यातला अभागी नायक पुढे टोल्किनच्या स्वतःच्या विश्वात नवे नाव घेऊन आला. 'हॉबिट'मधल्या बहुतेक बुटक्यांची नावे, आणि गँडाल्फ हे नावसुद्धा, 'एडा' या जुन्या नॉर्स काव्यातल्या एका यादीतून घेतलेली आहेत. ड्रॅगनच्या खजिन्यातला पेला चोरीला जातो आणि तो खवळतो, हे 'बेओवुल्फ' या जुन्या इंग्रजी काव्यात आहे.

मग हे सगळे उचललेले म्हणायचे काय? १९३९ साली स्कॉटलंडमध्ये सेंट अँड्र्यूज इथे परीकथांवर व्याख्यान देताना टोल्किनने याचे उत्तर दिले. गोष्टींचे पातेले चुलीवर कायम उकळत असते आणि प्रत्येक पिढी त्यात काहीतरी टाकते, अशा अर्थाचा दृष्टान्त त्याने दिला. त्याचे म्हणणे असे, की हाडे कोणत्या बैलाची हे मोजत बसण्यापेक्षा वाढलेल्या सूपची चव घ्यावी. आपल्या भाषेत सांगायचे तर आमटीत चिंच कोणाच्या झाडाची हा प्रश्न चुकीचा नाही, पण त्याच्या उत्तराने आमटीची चव कळत नाही.

केकमधला तारा

टोल्किन आणि मॅकडोनल्ड यांच्या नात्याला पुढे एक विलक्षण वळण लागले. १९६४ साली एका अमेरिकन प्रकाशकाने टोल्किनला मॅकडोनल्डच्या 'द गोल्डन की' या परीकथेसाठी प्रस्तावना मागितली. त्याने होकार दिला आणि तयारीसाठी मॅकडोनल्ड पुन्हा वाचायला घेतला. पण सत्तरी ओलांडलेल्या टोल्किनला तो आता आवडेना. लहानपणी जिथे जादू दिसली तिथे आता प्रवचन दिसू लागले. तरी प्रस्तावना सुरू केली. परीलोक म्हणजे काय हे समजावण्यासाठी त्याने एका आचाऱ्याचे आणि केकचे लहानसे उदाहरण घेतले. उदाहरण वाढत गेले, प्रस्तावना बाजूला पडली ती पडलीच, आणि १९६७ साली 'स्मिथ ऑफ वूटन मेजर' ही दीर्घकथा प्रसिद्ध झाली. टोल्किनच्या हयातीत प्रसिद्ध झालेली ही त्याची शेवटची गोष्ट.

ती गोष्ट अशी. वूटन मेजर गावात चोवीस वर्षांतून एकदा चोवीस मुलांसाठी मोठा केक करतात. एका वर्षी त्यात परीलोकातला एक तारा घातलेला असतो. लोहाराचा मुलगा तो न कळत गिळून टाकतो. पुढे तारा त्याच्या कपाळावर बसतो, आणि त्या बळावर तो आयुष्यभर परीलोकात ये-जा करतो. पण एक दिवस त्याला सांगण्यात येते की तारा आता परत दे, पुढच्या केकमध्ये घालायचा आहे, दुसऱ्या कोणा मुलासाठी. लोहाराला जड जाते, पण तो देतो. हा तारा त्याच्या स्वतःच्या मुलाकडे जात नाही. तो जातो त्या आचाऱ्याच्या पणतवाकडे, ज्या आचाऱ्याने आयुष्यभर परीलोकाची टिंगल केलेली असते.

मॅकडोनल्डवरची प्रस्तावना लिहून झाली नाही, पण तिच्या जागी जे आले ते देण्याघेण्याबद्दलच होते. आपल्याला मिळालेली वस्तू आपण कमावलेली नसते, ती जपून ठेवण्यासाठी दिलेली नसते, आणि ती पुढे कोणाकडे जाईल हे रक्ताच्या नात्यावर ठरत नाही. ज्याचे लेखन आता आवडेनासे झाले त्या पूर्वसूरीच्या निमित्ताने टोल्किन इथवर येऊन पोहोचला.

कपाटाचे मूळ

आता त्या कपाटाकडे येऊ. लुईसचे 'द लायन, द विच अँड द वॉर्डरोब' १९५० साली आले. त्यात चार मुले कपाटातून नार्निया नावाच्या देशात जातात. पण ई. नेस्बिट (१८५८–१९२४) या लेखिकेने त्याच्या कितीतरी आधी एका लघुकथेत ही वाट दाखवली होती. ती कथा १९१२ सालच्या 'द मॅजिक वर्ल्ड' या संग्रहात आहे. तीत पाहुण्यांच्या खोलीत कोंडलेल्या एका मुलीला रेल्वेच्या वेळापत्रकात त्याच खोलीतल्या मोठ्या कपाटाच्या नावाचे स्टेशन सापडते, आणि ती कपाटात शिरते. नार्नियातला बकरपाया फॉनही 'स्पेअर रूम' आणि 'वॉर्डरोब' ही गावांची नावे समजून बसतो. हे साम्य अभ्यासकांनी दाखवून दिलेले आहे.

लुईसने नेस्बिटला कथेतूनच नमस्कार केला आहे. 'द मॅजिशियन्स नेफ्यू' (१९५५) या पुस्तकाच्या आरंभी काळ सांगताना तो म्हणतो की तेव्हा शेरलॉक होम्स बेकर स्ट्रीटला राहत होता आणि बॅस्टेबल मुले लुइशम रोडवर खजिना शोधत होती. ही बॅस्टेबल मुले नेस्बिटच्या १८९९ सालच्या पुस्तकातली. त्याच पुस्तकात परलोकातली दुष्ट राणी लंडनच्या रस्त्यावर येऊन गोंधळ घालते. नेस्बिटच्या 'द स्टोरी ऑफ द अ‍ॅम्युलेट' (१९०६) मध्ये बॅबिलोनची राणी असाच गोंधळ घालून गेली होती.

कधी कधी देणे लेखकाच्या स्वतःच्याही लक्षात येत नाही. अमेरिकन लेखिका कॅथरीन पॅटरसन यांनी १९७७ साली 'ब्रिज टू टेराबिथिया' लिहिले. मुलांच्या काल्पनिक राज्याचे हे नाव आपणच रचले अशी त्यांची समजूत होती. नंतर ध्यानात आले की नार्नियाच्या एका पुस्तकात जवळजवळ याच नावाचे बेट आहे. त्यांनी ते सांगूनही टाकले. पाण्यात विरघळलेले मीठ डोळ्यांना दिसत नाही, पण पाणी खारट लागतेच, तसे हे आहे.

नेस्बिटला सर्वांत हृद्य नमस्कार मात्र अलीकडे मिळाला. 'फाइव्ह चिल्ड्रन अँड इट' (१९०२) मधल्या पाच मुलांना खडीच्या खाणीत इच्छा पुऱ्या करणारा एक चिडका प्राणी सापडतो. केट साँडर्स या लेखिकेने हिशेब केला की १९०२ सालातली ही मुले १९१४ साली ऐन तरुण झाली असणार, म्हणजे महायुद्धाच्या तोंडी! त्यांच्या 'फाइव्ह चिल्ड्रन ऑन द वेस्टर्न फ्रंट' या पुस्तकात तीच मुले मोठी होऊन युद्धाला सामोरी जातात. या पुस्तकाला २०१४ सालचे कोस्टा बालसाहित्य पारितोषिक मिळाले. नेस्बिटला जे ठाऊक असणे शक्य नव्हते, ते तिच्या मुलांच्या वाट्याला आलेले पाहून वाचकाचा जीव कासावीस होतो, आणि मग तो पुन्हा १९०२ चे पुस्तक उघडतो.

मैत्री, भांडण आणि बचाव

लुईस आणि टोल्किन यांनी एकमेकांना काय दिले? टोल्किनने म्हातारपणी लिहिले की लुईसचे माझ्यावर न फिटणारे ऋण आहे, ते ज्याला लोक प्रभाव म्हणतात त्याचे नव्हे, तर निखळ प्रोत्साहनाचे. त्याच्या रेट्याशिवाय 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' पुरे झालेच नसते. गंमत अशी की लुईसचे नार्निया टोल्किनला मुळीच आवडत नसे. लुईसने १९४५ साली आपल्या एका कादंबरीत टोल्किनच्या बुडालेल्या बेटाचे नाव घातले. ते त्याने फक्त कानांनी ऐकले होते, त्यामुळे स्पेलिंग चुकले! प्रस्तावनेत मात्र त्याने माझ्या मित्राचे लेखन छापून येईल तेव्हा वाचा अशी जाहिरातही करून ठेवली. तेव्हा टोल्किनचे ते पुस्तक छापून यायला नऊ वर्षे होती.

भांडण हीसुद्धा एक मानवंदना असू शकते. फिलिप पुलमन यांनी १९९८ साली वर्तमानपत्रात लेख लिहून नार्नियावर सडकून टीका केली. पण त्यांच्या 'नॉर्दर्न लाइट्स' (१९९५) मध्ये सुरुवातीलाच नायिका लायरा कुठे लपते? कपाटात! त्या कपाटातून ती दुसऱ्या जगात जात नाही, मोठ्या माणसांची कारस्थाने ऐकते. वाद घालायलाही पूर्वसूरीच्याच घरात शिरावे लागते. याच पुलमननी मालिकेच्या शेवटच्या भागात (२०००) आभार मानताना मिल्टन, ब्लेक आणि क्लाइस्टच्या एका निबंधाचे ऋण नावानिशी नोंदवले आहे, अगदी आमच्या शोधनिबंधासारखे.

नुसत्या नकलेचे काय होते हेही या घराण्यातल्या लोकांनीच सांगून ठेवले आहे. अर्सुला ले ग्विन यांना बाराव्या वर्षी घरच्या कपाटात लॉर्ड डन्सेनी यांचा कथासंग्रह सापडला. १९७३ साली लिहिलेल्या एका आत्मपर निबंधाच्या शीर्षकात त्यांनी डन्सेनींच्या काल्पनिक देशाचे नाव घेतले. पण त्याच वर्षी दुसऱ्या निबंधात त्यांनी होतकरू लेखकांना बजावले की डन्सेनींची भाषा गिरवायला जाल तर फसाल. त्यांचे स्वतःचे 'अर्थसी' (१९६८) डन्सेनींसारखे मुळीच वाटत नाही.

शेवटी बचावकार्य. टोल्किनच्या यशानंतर अमेरिकेत बॅलंटाइन प्रकाशनाने १९६९ ते १९७४ या काळात जुन्या अद्भुतकादंबऱ्यांची एक स्वस्त माला काढली. संपादक होते लिन कार्टर, स्वतःही लेखकच. मॅकडोनल्ड, मॉरिस, डन्सेनी पुन्हा बाजारात आले. होप मिर्लीझ या लेखिकेची १९२६ सालची 'लड-इन-द-मिस्ट' ही कादंबरी १९७० साली तिच्या परवानगीशिवायच छापली गेली, कारण लेखिका कुठे आहे हे कोणाला सापडेना. ती तर १९७८ पर्यंत हयात होती! परवानगीवाचून छापणे गैरच. पण ती कादंबरी आज वाचली जाते त्याचे पुष्कळसे श्रेय या पुनर्मुद्रणालाच आहे.

यात आपले काय?

आता दुसरी तक्रार. पूर्वसूरीला नमस्कार करण्याची ही रीत आपल्याला परकी नाही. तिची फार जुनी हकिगत तर थेट पैठणची आहे. प्रतिष्ठानच्या सातवाहन राजाला संस्कृत येत नव्हते. जलक्रीडेत राणी संस्कृतात म्हणाली, मला पाण्याने मारू नकोस. राजाने संधी न सोडवता "मोदकैः" ऐकले आणि मोदक मागवले! राणी हसली. खजील झालेल्या राजाला सहा महिन्यांत संस्कृत कोण शिकवील यावर पैज लागली. गुणाढ्य हरला आणि संस्कृत, प्राकृत, देशी अशा तिन्ही भाषा सोडून अरण्यात गेला. तिथे त्याने पैशाची भाषेत सात लक्ष श्लोकांची 'बृहत्कथा' लिहिली. राजाने ती नाकारली. मग गुणाढ्य एकेक पान वाचून अग्नीत टाकू लागला, आणि रानातले प्राणी चरणे विसरून डोळ्यांत पाणी आणून ऐकू लागले. राजा धावत आला तेव्हा एक लक्ष श्लोक उरले होते.

ही झाली दंतकथा. 'बृहत्कथा' आज उपलब्ध नाही हे मात्र खरे. ती कळते ती नंतरच्या लेखकांच्या कृतज्ञतेमुळे. सातव्या शतकात बाणभट्टाने तिची स्तुती केली. अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवाने राणी सूर्यमतीसाठी 'कथासरित्सागर' रचला आणि आरंभीच सांगितले की हे मूळ ग्रंथाबरहुकूम आहे, मी फक्त भाषा बदलली आणि संक्षेप केला. वर सांगितलेली गुणाढ्याची हकिगतही सोमदेवच सांगतो. म्हणजे लुईसच्या नऊशे वर्षे आधी त्याने गुरूला गोष्टीतले पात्र करून टाकले होते! आपले विक्रम-वेताळही याच सागरात आहेत.

हा ओघ इथवरही आला. सी. एच. टॉनी यांचे इंग्रजी भाषांतर १८८०–८४ मध्ये निघाले, आणि १९२४–२८ मध्ये तेच टीपांसह दहा खंडांत लंडनहून पुन्हा निघाले. १९९० साली सलमान रश्दी यांनी आपल्या मुलासाठी 'हारून अँड द सी ऑफ स्टोरीज' लिहिले. नावातच सोमदेवाचा सागर, गोष्टीत काश्मीरची आठवण देणारे सरोवर, आणि त्यावरच्या हाउसबोटीचे नाव 'अरेबियन नाइट्स प्लस वन'. हे पुस्तक इथल्या कोणत्याही मुलाला वाचता येईल. त्याला पैठण ठाऊक नसेल. ते सांगणे आपले काम.

हे सगळे लिहिण्यामागे एक कारण आहे. गेल्या गणेशोत्सवात आपल्या मुलांनी बसवलेल्या नाटुकल्यात वेताळ डबलडेकर बसमध्ये विक्रमाच्या मानगुटीवर बसला होता. त्याने विचारलेला प्रश्नही मुलांनीच रचलेला होता: माणसाचे गाव कोणते म्हणायचे, आजीआजोबांचे की आपण जन्मलो ते? काही ज्येष्ठ मंडळींना हे रुचले नाही. मूळ गोष्टीची मोडतोड झाली असे त्यांचे मत पडले. त्यांची काळजी मी समजू शकते. इतक्या दूर आल्यावर जे थोडे हाती उरले आहे तेही वेडेवाकडे होईल, ही भीती खरी आहे. पण वरचा इतिहास बघता मला भीती वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची. मॅकडोनल्ड विस्मृतीत चालला होता तो त्याला कोणी हात लावेना म्हणून. तो टिकला तो त्याचे गॉब्लिन घेऊन मऊ पाय टाकून देणाऱ्यांमुळे. मुलांनी वेताळाला बसमध्ये बसवले याचा अर्थ वेताळ त्यांना आपला वाटला. उद्या त्यांना मूळ गोष्ट काय होती हे जाणून घ्यावेसे वाटले, तर ती सांगणारे कोणीतरी घरात असले पाहिजे.

म्हणून एक सूचना. यंदाच्या दिवाळी अंकात चार पाने मुलांच्या गोष्टींसाठी राखून ठेवली आहेत. गोष्ट मराठीत असावी, मोडकीतोडकी चालेल. जुनी गोष्ट बदलून लिहिली तरी चालेल. अट एकच: ही गोष्ट कोणत्या गोष्टीवरून सुचली आणि ती कोणी सांगितली, हे शेवटी एका ओळीत लिहायचे. आजीचे नाव असेल तर आजीचे, पुस्तकाचे असेल तर पुस्तकाचे. आणि कृपया काळ्या शाईने लिहा. निळी शाई झेरॉक्समध्ये नीट उमटत नाही.



— मंडळाची एक कार्यकर्ती